मूलपेशींपासून अंडपेशी : उंदरात जमलं, मग म्हशीत का नाही?

प्रश्न ठाण्यात बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा : भिवंडीजवळ त्यांच्या घरचा तबेला. आजोबांनी सांभाळलेली, घरात सगळ्यांत जास्त दूध देणारी जाफराबादी म्हैस गेल्या पावसाळ्यात गेली. वडिलांनी तिच्या कानाचा तुकडा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला आहे. एका खासगी कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की या तुकड्यातून मूलपेशी (शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी) तयार करून ठेवू, पाच वर्षांत त्यांच्यापासून अंडपेशी बनवू आणि त्याच म्हशीच्या पारड्या तबेल्यात आणून देऊ. पैसे आगाऊ. हे खरं आहे का? उंदरात हे झालंय असं वर्गात शिकवलं, मग म्हशीत का होणार नाही? आणि या क्षेत्रात पुढे शिकायला यावं का?

पैसे देऊ नका. कारणं सविस्तर लिहिते, कारण वडिलांना नुसतं 'नको' सांगून पटणार नाही आणि तुम्हालाही ते पुरेसं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं प्राण्यांच्या पेशी वाढवते आहे. आधी उंदराच्या मूलपेशी, नंतर म्हशीच्या अंडपेशी आणि भ्रूण. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांशी माझा रोजचा संबंध आहे.

वर्गात शिकवलं ते खरं आहे. उंदराच्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत शुक्राणूही झाले, अंडपेशीही झाल्या आणि त्यांच्यापासून धडधाकट पिल्लंही जन्मली. क्योटोमध्ये मितिनोरी साइतोऊ आणि कात्सुहिको हायाशी यांनी २०११ मध्ये मूलपेशींपासून आदिम जननपेशींसारख्या, म्हणजे पुढे अंडपेशी किंवा शुक्राणू होणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारख्या, पेशी बनवल्या. मग स्वतःच्या जननपेशी नसलेल्या नर उंदरांच्या वृषणात त्या सोडल्या आणि तिथे शुक्राणू तयार झाले. २०१२ मध्ये अशाच पद्धतीने मादीच्या बाजूने अंडपेशी मिळाल्या. २०१६ मध्ये हायाशींच्या गटाने अंडपेशीचा सगळा प्रवास प्राण्याच्या शरीराबाहेर, डिशमध्ये घडवून आणला. मूलपेशी भ्रूणातून घेतलेल्या असोत किंवा प्रौढ उंदराच्या शेपटीच्या टोकाच्या पेशी मागे फिरवून, म्हणजे पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेऊन, केलेल्या, दोन्हींपासून पिल्लं जन्मली. प्रौढ पेशीला अशी मागे फिरवण्याची युक्ती शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून दाखवली होती. २०१२ चा नोबेल यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाला तो त्यासाठीच. कंपनीचा माणूस याच कामाचा आधार घेऊन बोलत असणार.

आता तो जे सांगत नाही ते. २०१६ च्या त्या कामात डिशमधल्या अंडपेशींपासून झालेले भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवल्यावर शंभरातले जेमतेम तीन-चार जन्मापर्यंत पोचले. नेहमीच्या अंडपेशींच्या बाबतीत निम्म्याहून जास्त पोचतात. हा आकडा उंदरातला आहे. उंदराच्या जननपेशींवर जगभर कित्येक दशकं काम झालेलं आहे, त्याचा गर्भ एकोणीस-वीस दिवसांत जन्मतो, आणि एका प्रयोगासाठी शेकडो भ्रूण हाताशी असतात. म्हशीच्या बाबतीत यातलं काहीच नाही.

पण निव्वळ आकड्यांवरून निकाल लावू नका. अवघड काय आहे ते कळलं तर कोणताही दावा तुम्हाला स्वतःला पारखता येईल.

जननपेशी अंडाशयात किंवा वृषणात जन्माला येत नाहीत, हे अनेक विद्यार्थ्यांना ऐकून आश्चर्य वाटतं. उंदराच्या भ्रूणात साधारण सहाव्या दिवशी, अंडाशय किंवा वृषणाचा मागमूसही नसताना, एका कडेच्या मोजक्या पेशींना शेजारच्या पेशींकडून बीएमपी४ या प्रथिनाचा इशारा मिळतो. त्या पेशी बाकीच्यांपासून वेगळ्या होतात. सातव्या दिवशी त्या चाळीसच्या आसपास असतात. मग त्या होणाऱ्या आतड्याच्या बाजूने सरकत सरकत, पुढे जिथे अंडाशय किंवा वृषण होणार त्या जागी पोचतात. तिथल्या पेशी त्यांना सांगतात की तुम्ही अंडपेशी व्हायचं की शुक्राणू. प्रयोगशाळेत करायचं ते हेच सगळं : तो इशारा, तो प्रवास आणि तो शेजार, आणि तेही ठरलेल्या वेळी.

वेळेचं सांगते. उंदराच्या चांगल्या मूलपेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तर घुमटासारख्या फुगलेल्या, चकचकीत कडेच्या वसाहती दिसतात. त्यांना एकदम बीएमपी४ दिलं तर नीट काही होत नाही. आधी अ‍ॅक्टिव्हिन आणि एफजीएफ ही इशारा देणारी प्रथिनं घातलेल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) दोन दिवस ठेवायचं. त्या दोन दिवसांत घुमट बसतो, पेशी पसरतात, कडा वेड्यावाकड्या होतात. आता त्या सहाव्या दिवसाच्या भ्रूणातल्या पेशींच्या जवळपास आलेल्या असतात. याच वेळी त्या उचलायच्या, गोल तळाच्या बारीक खाचांमध्ये प्रत्येकी ठरावीक संख्येने घालायच्या आणि इशारा द्यायचा. पेशी जमून खाचेच्या तळाशी एकेक गोळी होते. जननपेशींच्या खुणेच्या जनुकांना चमकणाऱ्या प्रथिनाची जोड दिलेली असेल तर चौथ्या दिवसापर्यंत त्या गोळीत चमकणारे ठिपके दिसायला लागतात. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी मला त्याचं अप्रूप वाटतं. पण दोन दिवसांऐवजी तीन दिवस थांबलात तर त्याच पेशी इशाऱ्याला फारशी दादच देत नाहीत. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, पण संधी गेलेली असते. म्हणून या कामात कामाच्या वेळा माणूस ठरवत नाही, पेशी ठरवतात. गुरुवारी सुरू केलेल्या पेशी शनिवारी उचलाव्याच लागतात, मग मुसळधार पावसात हार्बर लाइन बंद का असेना.

शेजाराचं महत्त्व त्याहून मोठं. डिशमध्ये अंडपेशी वाढवताना या आदिम जननपेशी एकट्या वाढत नाहीत. उंदराच्या मादी गर्भातून साडेबाराव्या दिवशी होऊ घातलेलं अंडाशय काढून, त्यातल्या आधार देणाऱ्या पेशी यांच्यात मिसळाव्या लागतात. मग सुमारे तीन आठवड्यांत त्या मिश्रणात अंडपुटकं, म्हणजे अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या आधारपेशी यांच्या बारीक पिशव्या, तयार होतात. त्यानंतर अकरा दिवस वाढ आणि शेवटी एक दिवस पक्वता. एक बारकावा मुद्दाम सांगते. सुरुवातीला अंडपुटकं नीट वेगळी होत नव्हती, एकेका पुटकात अनेक अंडपेशी अडकायच्या. इस्ट्रोजेनचं काम अडवणारं औषध मीडियममध्ये घातल्यावर ती सुटी व्हायला लागली. शरीरात आपोआप होणाऱ्या एकेका गोष्टीसाठी डिशमध्ये असा शोध घ्यावा लागतो, आणि तो प्रत्येक प्राण्यासाठी नव्याने.

हा शेजार प्रत्येक वेळी गर्भातून आणावा लागू नये म्हणून २०२१ मध्ये हायाशींच्याच गटाने अंडाशयाच्या आधारपेशीसुद्धा मूलपेशींपासून बनवल्या आणि त्यांच्या संगतीत अंडपेशी वाढवून पिल्लं मिळवली. मला विचाराल तर २०१६ पेक्षाही हे काम मोठं आहे. ज्या प्राण्याचे गर्भ मिळतच नाहीत, त्याच्यासाठी रस्ता असलाच तर हाच आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना अजिबात दिसत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएवर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद हे बऱ्याच अंशी त्या ठरवतात. काही मोजक्या जनुकांवर 'हे आईकडून आलं' आणि 'हे बापाकडून आलं' अशाही खुणा असतात. जननपेशी घडताना या जुन्या खुणा पाटीसारख्या पुसल्या जातात आणि नर किंवा मादीप्रमाणे नव्याने लिहिल्या जातात. पुसणं अर्धवट राहिलं किंवा लिहिणं चुकलं तरी अंडपेशी गोल गरगरीतच दिसते, फलितही होते, भ्रूणही होतो. घोटाळा उघड होतो तो गर्भाशयात : वार बेढब वाढते, गर्भ अवाजवी मोठा होतो किंवा खुरटतो. दोन्ही खुणा असल्याशिवाय गर्भ पूर्ण वाढत नाही, हे १९८४ मध्येच उंदरात दिसलं होतं. गायींमध्ये क्लोनिंग आणि टेस्ट-ट्यूब भ्रूणांच्या बाबतीत जन्मतःच अवाढव्य वासरं होण्याचा जो त्रास पशुवैद्यांना माहीत आहे, त्याचं एक कारण याच खुणांची गडबड.

या क्षेत्रात अंडपेशीसारखी दिसणारी पेशी आणि अंडपेशीचं काम करणारी पेशी यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि बहुतेक फसगत त्या अंतरातच होते. इतिहास बघा. २००३ मध्ये अमेरिकेत हान्स शोलर यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींपासून अंडपेशींसारख्या मोठ्या गोल पेशी मिळवल्या. जगभर गाजावाजा झाला आणि तो रास्तही होता, कारण असं काही होऊ शकतं हे प्रथमच दिसलं होतं. पण तशा पेशींमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांची संख्या निम्मी होण्याची क्रिया नीट होत नाही, असं पुढे २००६ मध्ये दुसऱ्या गटाला आढळलं. त्याच वर्षी जर्मनीत कारीम नायेर्निया यांनी मूलपेशींपासून मिळवलेल्या शुक्राणूंपासून सात पिल्लं जन्माला घातली. काही नेहमीपेक्षा मोठी, काही लहान, आणि ती काही महिन्यांतच मेली. त्या पेशी शुक्राणूचं काम बहुतांशी करत होत्या, पण खुणांचा हिशेब जुळलेला नव्हता. पाच वर्षांनी साइतोऊ-हायाशींची पिल्लं निरोगी वाढली आणि त्यांना स्वतःला पिल्लं झाली, तेव्हा कुठे काम झालं असं म्हणता आलं.

२०१४ मध्ये मेरी अ‍ॅन हँडेल, जॉन एपिग आणि जॉन शिमेंटी यांनी या कामासाठी कसोट्याच लिहून ठेवल्या. पेशीत डीएनएचं प्रमाण प्रत्येक टप्प्यावर योग्य आहे का, गुणसूत्रांच्या जोड्या लागतात का, त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते का, शेवटी संख्या बरोबर निम्मी होते का, आणि त्या पेशीपासून योग्य गुणसूत्रांची जिवंत संतती होते का. म्हशीचं उदाहरण घ्या. आपल्या तबेल्यांतल्या म्हशीच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात. अंडपेशीत ती पंचवीसच राहिली पाहिजेत, आणि तीही प्रत्येक जोडीतलं एकेक, कुठलीही पंचवीस नव्हेत. एक इकडेतिकडे झालं की बहुतेक वेळा गर्भ टिकत नाही. एखादं जननपेशींचं जनुक चालू झालं, एखादा रंग चढला, पेशी गोल आणि मोठी दिसली, एवढ्यावर कुणी 'अंडपेशी बनवली' म्हणत असेल तर थांबा आणि पुढचं विचारा.

आता म्हशीकडे येते. पहिला प्रश्न चांगल्या मूलपेशींचाच आहे. उंदराच्या मूलपेशी १९८१ पासून हातात आहेत आणि त्या डिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तशाच टिकवण्याची कृती पक्की झालेली आहे. तीच कृती गाय-म्हशीच्या पेशींना चालत नाही. काही दिवसांत त्या पसरतात, चपट्या होतात, मूलपेशीपण गमावतात. गायीच्या टिकाऊ भ्रूण मूलपेशी कॅलिफोर्नियात पाब्लो रॉस यांच्या गटाने मिळवल्या त्या थेट २०१८ मध्ये, म्हणजे उंदरानंतर सदतीस वर्षांनी, आणि वेगळ्याच मीडियममध्ये. यामानाकांच्या पद्धतीने गाय-म्हशीच्या त्वचेच्या पेशी मागे फिरवता येतात, पण बाहेरून घातलेली जनुकं बंद झाली की त्या पेशींचा तोल जातो, ही तक्रार जुनी आहे. ती जनुकं चालूच राहिली तर पुढे जननपेशी नीट घडणं अवघड.

दुसरं असं की उंदीर हा सस्तन प्राण्यांचा सर्वसामान्य नमुना नाही. त्याचा सहाव्या दिवसाचा भ्रूण पेल्याच्या आकाराचा असतो. म्हैस, डुक्कर, माणूस यांचा चपटा. जननपेशींची सुरुवात करणाऱ्या जनुकांची साखळीही वेगळी. माणसात आणि डुकरात सॉक्स१७ हे जनुक पुढाकार घेतं, उंदरात त्याला या कामात तसं महत्त्व नाही. म्हणून उंदराची कृती उचलून म्हशीला लावता येत नाही. इतकंच काय, उंदराच्या जवळच्या उंदीरमामासाठी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या रॅटसाठी, मूलपेशींपासून पिल्लांपर्यंत पोचायला २०२२ साल उजाडलं. गायीत आज मजल आदिम जननपेशींसारख्या पेशींपर्यंत आली आहे. म्हशीच्या बाबतीत कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत भ्रूण मूलपेशींवर चांगलं काम झालं, त्यांपासून जननपेशींसारख्या आणि अंडपेशींसारख्या रचनाही मिळाल्या. पण 'सारख्या' या शब्दापाशीच ते काम आहे आणि ते करणाऱ्यांनी कधी वेगळा दावा केलेला नाही.

तिसरं, म्हशीचं कॅलेंडर. अंडपेशी उंदराची सुमारे ऐंशी मायक्रॉनची, म्हशीची एकशेवीसच्या आसपास. उंदराच्या अंडपुटकाला डिशमध्ये अकरा दिवस वाढवून भागतं, मोठ्या जनावरांत हीच वाढ महिनोन्‌महिने चालते. तितका काळ डिशमधलं पुटक जिवंत ठेवणं, तेही बुरशीशिवाय, हे नवी मुंबईच्या पावसाळ्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. जुलैमध्ये खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेवर, दाराच्या रबरावर, एसीच्या झडपांवर आमचं लक्ष पेशींपेक्षा जास्त असतं. समजा हेही जमलं आणि गर्भ राहिला, तर सुमारे ३१० दिवसांची गर्भावस्था. जन्मलेली पारडी स्वतः व्यायला साडेतीन-चार वर्षं. म्हणजे 'हिला निरोगी संतती होते' हे पहिल्यांदा दिसायलाच, सगळं आजच्या आज यशस्वी झालं असं धरलं तरी, पाच वर्षांच्या आसपास. जी गोष्ट अजून जगात कुठेच झालेली नाही, ती त्याच पाच वर्षांत तुमच्या भिवंडीच्या तबेल्यात आणून देण्याची हमी हा माणूस देतो आहे.

आता कानाच्या तुकड्याचं. वडिलांनी मायेने ठेवला आहे, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतं. घरच्या फ्रीजरमध्ये उणे अठरा-वीसला, कोणतंही संरक्षक द्रव्य न घालता गोठवलेल्या तुकड्यात पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींची आवरणं फाटतात. वितळवून मीडियममध्ये ठेवला तर त्यातून पेशी बाहेर येतील ही आशा धरण्यासारखी नाही. जपानमध्ये तेरुहिको वाकायामा यांनी २००८ मध्ये सोळा वर्षं उणे वीसला पडून असलेल्या उंदराच्या मेंदूतल्या पेशींची केंद्रकं वापरून क्लोन केले होते, हे खरं आहे. पण तिथे मेलेल्या पेशींमधली केंद्रकं एकेक करून ताज्या अंडपेशींत घातली, आणि तोही उंदीरच. तो तुकडा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. जनुकीय तपासणीसाठी त्यातला डीएनए उपयोगी पडेल. मूलपेशी मात्र त्यातून मागू नका.

पेशी नीट जपायच्या तर तुकडा जनावर जिवंत असताना, किंवा मेल्यावर काही तासांतच, घ्यावा लागतो. पशुवैद्य कानाच्या कडेवरचे केस काढून, स्पिरिटने पुसून, नखाएवढा तुकडा काढतात. तो प्रतिजैविकं घातलेल्या थंड द्रावणात, बर्फावर, पण न गोठवता, दिवसभरात प्रयोगशाळेत यायला हवा. इथे तो बारीक चिरून डिशच्या तळाला चिकटवतात. आठवडाभरात, कधी जरा उशिरा, तुकड्याच्या कडेने लांबट, टोकदार पेशी बाहेर सरकायला लागतात. आधी एक-दोन, मग एकदम झुंडीने. त्या वाढवून, डीएमएसओ हे संरक्षक द्रव्य घालून, मिनिटाला एक अंश अशा बेताने थंड करत शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. अशा पेशी दशकांनंतरही जाग्या होतात. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचं उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. सुदान हा त्यांचा शेवटचा नर २०१८ मध्ये केनियात गेला. त्यानंतर नाजिन आणि फातू या दोन माद्याच उरल्या. आधीच्या काळात कुणीतरी इतर गेंड्यांच्या त्वचेचे तुकडे नीट गोठवून ठेवले, म्हणून त्यांच्या मूलपेशी करता आल्या आणि २०२२ मध्ये त्यांपासून आदिम जननपेशींसारख्या पेशींपर्यंत पोचता आलं. तिथून अंडपेशीपर्यंतचा मोठा पल्ला अजून बाकी आहे, पण पल्ला गाठायला हातात काहीतरी आहे.

तेव्हा पेशी जपून ठेवणं वेगळं आणि त्यांपासून अंडपेशी देण्याची हमी वेगळी. पहिल्यासाठी वाजवी खर्च करायला माझी हरकत नाही. दुसऱ्यासाठी एक रुपयाही नाही. तो माणूस पुन्हा आला तर त्याच्याकडे कागद मागा : म्हशीच्या मूलपेशी तुमच्याकडे किती काळ वाढत्या आहेत आणि त्यांच्या गुणसूत्रांची तपासणी कुठे आहे? त्यांपासून झालेल्या अंडपेशीत गुणसूत्रांच्या जोड्या लागल्याची छायाचित्रं कुठे आहेत? रेडकू कुठे बांधलंय, आम्ही बघायला येतो. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, तिचा क्रमांक काय?

याच मुद्द्यावर लोक माणसाबद्दलही विचारतात, म्हणून दोन ओळी. माणसात मूलपेशींपासून आदिम जननपेशींसारख्या पेशी झाल्या आहेत. २०१८ मध्ये साइतोऊंच्या गटाने त्यांना उंदराच्या अंडाशयाच्या पेशींच्या संगतीत आणखी एक पायरी पुढे नेलं. फलनाजोगी अंडपेशी या वाटेने झालेली नाही. मूल होण्यासाठी कुणी आज हा उपचार म्हणून विकत असेल तर तो उपचार नाही.

म्हशीचं क्लोनिंग मात्र आपल्याकडे झालेलं आहे, आणि कंपनीवाले बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र कालवतात. कर्नालला २००९ मध्ये गरिमा जन्मली. २०१० मध्ये गरिमा-२ झाली, ती भ्रूण मूलपेशीचं केंद्रक घेऊन. पण त्यात मूलपेशीपासून अंडपेशी बनवलेली नव्हती. दुसऱ्या म्हशीच्या अंडपेशीतला गाभा काढून तिथे मूलपेशीचा घातला होता. गरिमा-२ ला २०१३ मध्ये महिमा ही पारडी झाली, तेव्हा ती निरोगी प्रजननक्षम म्हैस आहे हे कागदावर नाही, गोठ्यात दिसलं. मला आपल्या देशातल्या कामाचा अभिमान वाटतो तो अशा पुराव्यामुळे.

शिकायला या का? या. पण 'जननपेशी बनवायच्या' म्हणून एकदम तिथे उडी घेऊ नका. आधी साध्या पेशी वाढवायला, गोठवायला आणि जाग्या करायला शिका. गुणसूत्रं पसरवून मोजायला शिका, सांख्यिकी मनापासून करा. शक्य झालं तर पशुवैद्यकातल्या लोकांबरोबर एक उन्हाळा काढा. देवनारच्या कत्तलखान्यातून म्हशीची अंडाशयं थर्मासमध्ये कोमट सलाइनमध्ये घालून खाडीपूल ओलांडून आणायची, टेबलावर एकेक पुटक सुईने रिकामं करायचं आणि त्यातून हाती येणाऱ्या अंडपेशी मोजायच्या. गायीपेक्षा किती कमी येतात ते बघाल. चरबीने गच्च भरल्यामुळे त्या काळपट दिसतात, आतलं काही दिसत नाही आणि गोठवतानाही त्रास देतात. मूलपेशींपासून म्हशीची अंडपेशी बनवायची असेल तर म्हशीची खरी अंडपेशी आधी शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलेली असायला हवी. या कामाला आपल्याकडे माणसं कमी आहेत, आणि तबेल्यात वाढलेला, जनावराला हात लावायला न घाबरणारा मुलगा प्रयोगशाळेत आला तर मला फार आनंद होईल.

आणि शेवटी तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात : त्या म्हशीच्या दोन लेकी अजून तबेल्यात आहेत, थोरली आता भाकड होत आली आहे आणि वडील तिला काढायचं म्हणताहेत. मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गुजरात-हरियाणातून उत्तम म्हैस आणायची, एक वेत दूध काढायचं, आटली की विकायची. दर वर्षी चांगलं रक्त इथे संपतं. आजोबांच्या म्हशीच्या जनुकांचा निम्मा वाटा त्या लेकीत आहे, आणि तिच्या अंडाशयात निसर्गाने बनवलेल्या अंडपेशी आहेत, ज्यांच्यासाठी कुठल्याही मूलपेशीची गरज नाही. टेस्ट-ट्यूब पद्धतीने जगातलं पहिलं रेडकू कर्नालला १९९० मध्ये जन्मलं. आज जिवंत म्हशीच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने अंडपेशी काढून, चांगल्या रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याने फलित करून दुसऱ्या म्हशीत भ्रूण ठेवता येतो, आणि हे आपल्या देशात होतं आहे. एका वेळी अंडपेशी थोड्याच मिळतील, सगळ्या टिकणार नाहीत, पण काही दिवसांच्या अंतराने पुन्हा काढता येतात आणि त्यासाठी ती दूध देत असलीच पाहिजे असं नाही. वडिलांना सांगा, थोरलीला एवढ्यात विकू नका. ती आणि धाकटी, दोघींच्या कानाचे तुकडे पशुवैद्यांकडून रीतसर घ्या, आणि अंडपेशी काढण्याची सोय असलेल्या शासकीय किंवा विद्यापीठाच्या केंद्राकडे थोरलीचं वय, वेतं आणि दुधाची नोंद घेऊन या महिन्यातच जा.